मुंबई ते न्यूयॉर्क: विमानाचं अंतर आणि वेळ असा काढा

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून हे अंतर मोजू नका, हमखास चुकतं. गोल पृथ्वीवरचा सर्वांत जवळचा मार्ग उत्तर गोलार्धात उत्तरेकडे वळसा घेतो. मुंबई-न्यूयॉर्कचा तर आइसलँडच्या पूर्वेला जवळपास ६५ अंश उत्तरेपर्यंत चढतो.

त्यासाठी सायंटिफिक कॅल्क्युलेटर लागेल. आधी sin बटणाने ‘साइन ३०’ काढून पाहा; ०.५ आलं तरच तो अंशांत आहे. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. पश्चिम रेखांश ऋण धरायचा, म्हणून फरक १४६.६५ अंश.

दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.३२७ × ०.६५१ = ०.२१३. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनच्या गुणाकाराला रेखांशांच्या फरकाच्या कोसाइनने गुणा: ०.९४५ × ०.७५९ × (−०.८३५) = −०.५९९. बेरीज −०.३८६. तिचा व्यस्त कोसाइन (cos⁻¹ बटण) ११२.७ अंश. एका अंशाला १११.२ किमी, म्हणजे सुमारे १२,५३० किमी.

उत्तर २,४०० किमीच्या आसपास आलं तर पश्चिम रेखांशाला ऋण चिन्ह लावायचं राहिलं आहे. तुमचं न्यूयॉर्क किर्गिझस्तानात पोहोचलं! दुसरी नेहमीची चूक म्हणजे ४०° ३८′ हे ४०.३८ असं लिहिणं. मिनिटांना ६० ने भागायचं: ४०.६३.

आता वेळ. ताशी ९०० किमी धरून १३ तास ५५ मिनिटं. विमानाचं धावपट्टीपर्यंत जमिनीवरून जाणं-येणं, आकाशात चढणं-उतरणं यासाठी अर्धा-पाऊण तास जोडा. हा झाला वारा नसतानाचा हिशेब. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे जाताना साधारण तासभर जास्त लागतो आणि येताना वेळ वाचतो. बंद हवाई हद्दीही मोजा: एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हद्द बंद केल्यावर त्यांचे पश्चिमेकडचे मार्ग लांबले.

दुबईमार्गे गेलात तर १,९३० अधिक ११,०२० किमी, म्हणजे जेमतेम ४०० किमीच जास्त. वेळ खातो तो हॉल्ट. तिकिटं निवडताना अंतरापेक्षा तोच बघा.

तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात. न्यूयॉर्क उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे. बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. उन्हाळ्यात मुंबईहून पहाटे १:३० ला निघून सकाळी ७:३० ला उतरलात, तर ६ अधिक ९:३०, प्रवास साडेपंधरा तासांचा. परतताना हाच फरक वजा करायचा.

आणि तारीख नीट वाचा. १२ तारखेला ००:४५ चं विमान असेल, तर ११ तारखेलाच रात्री पावणेदहाच्या आत विमानतळ गाठायचा.