हार्ड पाणी आणि सॉफ्टनर: आधी थेंब मोजा, मग मशीन बघा

गीझर चालू केला की आतून कडकड आवाज येतो आणि पाणी तापायला आधीपेक्षा जास्त वेळ लागतो, असं झालं की समजायचं आत कॉइलवर क्षार बसलाय. मी आमचा उघडला तेव्हा कॉइल दिसतच नव्हती, नुसती पांढरट पिवळी खडबडीत कांडी, स्क्रूड्रायव्हरने हळूच ठोकलं तर ओंजळभर खपल्या पडल्या. तोवर "पाणी जरा खराबय" एवढ्यावरच आमचं भागायचं.

होतं काय, जमिनीतून येताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळतं. हेच हार्ड पाणी, शाळेत ह्यालाच दुष्फेन पाणी म्हणायचे, कारण साबण ह्या दोघांना चिकटून पांढरी साय बनवतो आणि फेस होतच नाही. ह्यातलं बायकार्बोनेट पाणी तापवलं की कार्बोनेट होऊन खाली बसतं, म्हणून गीझर, किटली, वॉशिंग मशीनचा हीटर ह्यांची वाट लागते. सल्फेट आणि क्लोराइडमुळे आलेला हार्डनेस मात्र उकळून जात नाही, त्यामुळे "उकळा, पाणी सॉफ्ट होतं" हे अर्धंच खरं.

आता जिथे बहुतेक लोक फसतात ती गोष्ट. सॉफ्टनर, म्हणजे पाण्यातला हार्डनेस काढणारं मशीन, विकायला येणारा माणूस पाण्यात टीडीएस (पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत) मोजणारा मीटर बुडवतो, मोठा आकडा दाखवतो आणि आपण घाबरतो. अहो पण टीडीएस म्हणजे हार्डनेस नाही! मऊ पाण्यात चमचाभर मीठ टाका, टीडीएस भसकन वर जाईल, हार्डनेस जवळपास तेवढाच राहील. आणि सॉफ्टनर लावल्यावरही टीडीएस कमी होत नाही, कारण तो कॅल्शियम पकडून त्याजागी सोडियम सोडतो, म्हणजे मशीन चाललंय की नाही हे त्या मीटरवर कळणारच नाही. दुसरा एक खेळ म्हणजे पाण्यात दोन सळया सोडून करंट द्यायचा आणि पाणी तपकिरी झालं की "बघा केवढी घाण" म्हणायचं. तो रंग सळईच्या लोखंडाचा असतो. असा माणूस आला की चहा पाजा आणि पाठवून द्या.

हार्डनेस मोजायला थेंबांचं टेस्ट किट घ्या. किटवर लिहिलंय तेवढं पाणी छोट्या बाटलीत घ्यायचं, बफर टाकायचा, इंडिकेटर टाकायचा, पाणी डाळिंबी होतं, मग तिसऱ्या बाटलीतून एकेक थेंब टाकत हलवत राहायचं आणि मोजायचं. बराच वेळ काहीच होत नाही, मग थोडं जांभळट वाटतं आणि एका थेंबाला एकदम स्वच्छ निळं होतं. थेंब गुणिले किटवर दिलेला आकडा म्हणजे तुमचा हार्डनेस, मिलीग्रॅम पर लिटरमध्ये (पीपीएम म्हणा, एकच). 60 पर्यंत मऊ, 120 च्या वर हार्ड, 180 च्या वर फारच हार्ड असं साधारण धरतात. काही मशीनवर ग्रेन लिहिलेलं असतं, 1 ग्रेन पर गॅलन म्हणजे 17.1 पीपीएम.

आकडा हातात आला की पाचवीच्या पोराचं गणित. समजा हार्डनेस 400 आणि अंघोळ, कपडे, भांडी मिळून दिवसाला 600 लिटर पाणी, म्हणजे रोज 240 ग्रॅम हार्डनेस काढायचाय. सॉफ्टनरच्या टाकीत रेझिनचे बारीक मणी असतात, कॅल्शियम पकडणारे तेच, एक लिटर रेझिन ढोबळमानाने 50 ग्रॅम काढतं, मग 25 लिटर रेझिन 1250 ग्रॅम, म्हणजे पाच दिवस. नंतर मिठाच्या पाण्याने धुऊन ते परत ताजं करायचं, रिजनरेशन म्हणतात ते, दरवेळी साधारण तीन किलो मीठ. विकणाऱ्याला सरळ विचारा "रेझिन किती लिटर?", तो लिटर सोडून टाकीचा रंग सांगायला लागला तर काय समजायचं ते समजा.

ह्याच गणिताने नळाला लावायचे छोटे फिल्टर तपासा. मी पण एक घेतला होता, कबूल करतो. आत पाव लिटर रेझिन धरलं तरी साडेबारा ग्रॅम कपॅसिटी, 400 च्या पाण्यावर तीसएक लिटरमध्ये खलास! दीड-दोन बादल्या. मॅग्नेटवाले आणि वायर गुंडाळायचे डबे कॅल्शियम काढतच नाहीत, क्षार कमी चिकटतो असा त्यांचा दावा असतो आणि निकालांत एकवाक्यता नाही, मी तरी त्यावर पैसे टाकणार नाही.

मशीन घ्यायचंच ठरलं तर टायमरपेक्षा मीटरवाला व्हॉल्व्ह घ्या, तो वापरलेलं पाणी मोजून रिजनरेशन करतो, टायमरवाला तुम्ही गावाला गेलात तरी मीठ उडवत बसतो. पाणी लालसर असेल म्हणजे लोह असेल तर आधी ते काढायचं, नाहीतर रेझिन गंजाने माखतं, क्लोरीन जास्त असेल तरी रेझिनचं आयुष्य कमी होतं. गाळाचा फिल्टर आधी हवाच. बायपास व्हॉल्व्ह, म्हणजे मशीन वगळून पाणी थेट घरात सोडणारा, विसरू नका, कधीतरी मशीन बंद पडणार आणि घरातलं पाणी बंद ठेवून चालत नाही. मीठ खडे किंवा टॅब्लेटचं, बारीक मीठ तळाशी गच्च बसतं.

प्यायच्या नळाला शक्यतो सॉफ्टनरच्या आधीचंच पाणी ठेवा. 400 चा हार्डनेस पूर्ण काढला की लिटरमागे साधारण 184 मिलीग्रॅम सोडियम वाढतं, मीठ कमी खायला सांगितलेल्या माणसाला ते चालेल का हे डॉक्टरला विचारा. आरओ असेल तर मात्र त्याच्या आधी सॉफ्ट पाणी फायद्याचं, मेम्ब्रेन लवकर चोंदत नाही आणि सोडियमही तो बऱ्यापैकी काढतो. झाडांना सॉफ्टनरचं पाणी घालू नका, धुवणाचं खारं पाणी तर अजिबातच नको.

मशीन नकोच असेल तर गीझरचं तापमान 50-55 च्या आसपास ठेवा, पाणी जितकं गरम तितका क्षार जास्त, पण टाकीत साठवणारा गीझर असेल तर ह्याहून खाली नेऊ नका, कोमट पाण्यात जंतू वाढतात. नळाची जाळी काढून व्हिनेगरमध्ये तासभर बुडवा, किटलीला पाण्यात सायट्रिक अ‍ॅसिड. हेच अ‍ॅसिड संगमरवरावर पडलं तर डाग कायमचा, आमच्या ओट्यावर आहे एक. आणि ब्लीचबरोबर मिसळू नका, विषारी वायू होतो.

ते थेंबांचं किट टाकू नका. मशीन बसल्यावर महिन्यातून एकदा, रिजनरेशनच्या आदल्या दिवशी सॉफ्ट नळाचं पाणी तपासा. इंडिकेटर टाकल्याटाकल्याच पाणी निळं झालं तर मशीन नीट चाललंय, डाळिंबी झालं तर आधी मिठाची टाकी उघडून बघा, बहुतेक रिकामी निघते.