सेंट्रल लाइनमधून न जुळणारी औषधं देताना या चुका टाळा

सेंट्रल लाइन (औषधं थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत सोडणारी नळी) मोठ्या शिरेत आहे, तिथे रक्त जोरात वाहतं, मग काहीही एकत्र सोडलं तरी चालतं, हा समज फार घातक आहे. औषध पातळ होतं ते शिरेत पोचल्यावर. त्याआधी नळीतच दोन औषधं भेटली, तर साका (न विरघळणारे कण) तिथेच तयार होतो.

ट्रिपल ल्युमेन कॅथेटर म्हणजे तीन मार्गांची सेंट्रल लाइन. तिचे तिन्ही मार्ग, म्हणजे ल्युमेन, आतून वेगळे असतात आणि त्यांची तोंडं शिरेत थोड्या थोड्या अंतरावर उघडतात. त्यामुळे न जुळणारी औषधं एकाच वेळी चालवायची, तर ल्युमेन वेगळे हवेत. एकाच ल्युमेनवर थ्री-वेची (तीन तोंडांच्या जोडणीची) रांग लावून ‘पोर्ट तर वेगळे आहेत’ असं म्हणणं चूक, कारण पुढची नळी एकच असते.

फ्युरोसेमाइड अल्कधर्मी, मिडॅझोलाम आम्लधर्मी. एकत्र आले की नळी दुधाळ दिसते. बायकार्बोनेट आणि कॅल्शियमचंही तेच. फेनिटॉइनला डेक्स्ट्रोज (साखरेचं द्रावण) चालत नाही, अ‍ॅम्फोटेरिसिन बीला सलाइन. सेफ्ट्रायॅक्सोन आणि कॅल्शियम नवजात बाळाला तर वेगळ्या लाइनमधूनही एकत्र देत नाहीत. द्रव नितळ राहिला म्हणूनही निर्धास्त होऊ नका. बायकार्बोनेटमध्ये बीपी वाढवणारं नॉरअ‍ॅड्रेनालिन निकामी होत जातं. नळीत काहीच दिसत नाही, मॉनिटरवर बीपी मात्र उतरतं.

एकच ल्युमेन मोकळा असेल तर औषधं एकामागून एक द्या आणि मध्ये फ्लश करा, म्हणजे नळी धुऊन घ्या, बहुतेक वेळा १० मिली सलाइननं. अ‍ॅम्फोटेरिसिनच्या आधी आणि नंतर मात्र फ्लश ५ टक्के डेक्स्ट्रोजचा.

आता सगळ्यात जपायची जागा: नॉरअ‍ॅड्रेनालिनचं ल्युमेन. तिथे फ्लश मारला, की नळीतलं सगळं औषध एका झटक्यात आत जातं आणि बीपी उसळतं. त्या ल्युमेनला ठळक लेबल लावा आणि अँटिबायोटिक तिथून कधीही देऊ नका, कितीही घाई असो. टीपीएनचं (शिरेतून दिल्या जाणाऱ्या पोषणाचं) ल्युमेनही राखीवच ठेवा.

लाइन अडली तर जोर लावू नका. पंप थांबवा, क्लॅम्प लावा, डॉक्टरांना कळवा. त्या ल्युमेनमधून शेवटी कोणती औषधं गेली ते लगेच लिहून ठेवा: कॅल्शियम-फॉस्फेटचा साका आम्लात विरघळतो, फेनिटॉइनचा अल्कधर्मी द्रावणात. पुढचा उपाय त्या नोंदीवरूनच ठरतो.