थकवा चेहऱ्यावर कोणत्या वेळी दिसतो, ते आधी पाहा

जागरण झाले की दुसऱ्या दिवशी कोणीतरी हमखास विचारते, "बरे नाही का? चेहरा उतरलाय." मराठीत चेहरा दुःखानेही उतरतो आणि दमणुकीनेही, आणि हा शब्दप्रयोग वाटतो त्याहून अचूक आहे. स्टॉकहोममधील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात १० जणांची छायाचित्रे नीट झोप झाल्यावर एकदा आणि सलग ३१ तास जागे राहिल्यावर एकदा अशी काढली व ती ४० जणांना पाहायला दिली. पाहणाऱ्यांना जागरणानंतरच्या चेहऱ्यांत पापण्या जास्त लोंबलेल्या, डोळे लाल आणि सुजलेले, त्यांखालची वर्तुळे गडद, कांती फिकी आणि ओठांचे कोपरे खाली झुकलेले दिसले. शिवाय हेच चेहरे त्यांना अधिक उदासही वाटले.

यातली बहुतेक चिन्हे डोळ्यांभोवतीची आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मात्र डोळ्यांभोवती दिसणारी प्रत्येक खूण थकव्याचीच असते असे नाही, आणि ती थकव्याची असली तरी कोणत्या थकव्याची, हे ठरवल्याशिवाय केलेले उपाय बहुधा वाया जातात. ते ठरवण्याची सोपी युक्ती म्हणजे वेळ पाहणे. सकाळी दिसणारी खूण, दिवसभर टिकणारी खूण आणि संध्याकाळी उमटणारी खूण यांची कारणे निरनिराळी असतात.

त्यासाठी चार-पाच दिवस सकाळी उठल्यावर, दुपारी आणि दिवेलागणीच्या सुमारास चेहरा पाहावा. सकाळी आणि दुपारी खिडकीकडे तोंड करून आरसा धरावा. संध्याकाळी रोज एकाच दिव्यासमोर बसावे, दिवा मात्र समोर असावा, डोक्यावर नसावा. न्हाणीघरातल्या वरच्या दिव्याखाली डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते आणि ठणठणीत माणूसही आजारी दिसतो. मोबाइलवर फोटो काढणार असाल, तर चेहरा नितळ करणारी सोय आधी बंद करावी. त्या दिवसांत काजळ किंवा क्रीम लावू नये आणि प्रत्येक वेळी किती तास झोप झाली ते लिहून ठेवावे.

सकाळी डोळे सुजलेले दिसत असतील आणि दोन-तीन तासांत सूज आपोआप उतरत असेल, तर कारण सहसा साधे असते. रात्रभर आडवे राहिल्याने अंगातले पाणी चेहऱ्याकडे येते आणि पापण्यांची कातडी सैल व अतिशय पातळ असल्याने ते तिथे साठते. आदल्या रात्री उशिरा खाल्लेले लोणचे-पापड किंवा मद्य यांनी ही सूज वाढते, तसेच झोपण्यापूर्वी रडल्यानेही. उशी थोडी उंच घ्यावी, रात्रीच्या जेवणातले मीठ कमी करावे आणि सकाळी गार पाण्यात पिळलेला सुती रुमाल पाच-दहा मिनिटे मिटलेल्या डोळ्यांवर ठेवावा. काकडीच्या चकत्यांचा गुणही मुख्यतः त्यांच्या गारव्याचाच आहे. बर्फ थेट कातडीला लावू नये.

दिवसभर तसेच राहणारे काळेपण हा यातला सर्वांत गैरसमजाचा भाग आहे. "झोप झाली नाही वाटते," असे ऐकून कंटाळलेल्या कित्येक जणांची झोप व्यवस्थित झालेली असते. काळी वर्तुळे मुख्यतः तीन प्रकारांनी दिसतात आणि अनेकदा हे प्रकार एकत्र असतात. पहिला प्रकार रंगद्रव्याचा: तो आपल्याकडे फार आढळतो, घराण्यात चालत येतो, आणि ऊन व डोळे चोळण्याची सवय यांनी वाढतो. दुसऱ्यात पातळ कातडीखालच्या रक्तवाहिन्या निळसर-जांभळ्या दिसतात; झोप अपुरी असली की कांती फिकी पडते आणि त्या अधिक उठून दिसतात. तिसरा प्रकार निव्वळ सावलीचा असतो, कारण वयानुसार गालाजवळचा भाग खोलगट होतो.

आपला प्रकार ओळखण्यासाठी खालच्या पापणीची कातडी बोटाने हलकेच बाजूला ताणावी. तपकिरी डाग कातडीबरोबर सरकला आणि रंग फारसा बदलला नाही, तर तो बहुधा रंगद्रव्याचा असतो. जांभळी छटा अधिक ठळक झाली, तर ती रक्तवाहिन्यांची समजावी. समोरून उजेड पडताच काळेपण नाहीसे होत असेल, तर ती सावली आहे. झोपेने फरक पडतो तो प्रामुख्याने दुसऱ्या प्रकारात. पहिल्या प्रकारात उन्हापासून बचाव करणे आणि डोळे न चोळणे याचा उपयोग होतो, तोही महिन्यांच्या हिशेबाने. तिसऱ्यात घरगुती लेपाने काही साधत नाही, मग त्याची कितीही शिफारस झालेली असो.

कांती फिकी दिसते, दम लागतो आणि पुरेशी झोप होऊनही थकवा जात नाही, असे असेल तर रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. एवढे मोठे प्रमाण असताना घरातल्या बाईच्या ओढलेल्या चेहऱ्याला 'कामाचा शीण' म्हणून सोडून देणे बरोबर नाही.

संध्याकाळचा थकवा डोळ्यांच्या आत असतो. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे एकटक पाहताना हे प्रमाण बरेच घटते, अश्रूंचा थर सुकतो आणि डोळे चुरचुरतात, लाल होतात. जवळचे पाहण्यासाठी डोळ्यातला जो स्नायू आखडतो, तो तासन्‌तास तसाच राहिल्याने मान वर केली की लांबचे काही क्षण धूसर दिसते. वरची पापणी उचलून धरणारा स्नायूही दमतो, आणि मग झापड आल्यासारखे दिसते.

दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद पाहावे, हा नियम अनेकांना पाठ असतो, पाळणारे थोडे. घड्याळ लावणे जमत नसेल, तर प्रत्येक फोननंतर खिडकीबाहेर पाहून दहा वेळा पापण्या पूर्ण मिटाव्यात. पडदा डोळ्यांच्या रेषेपेक्षा किंचित खाली ठेवावा आणि पंख्याचा किंवा एसीचा झोत चेहऱ्यावर येऊ देऊ नये. कोरडेपणासाठी औषधांच्या दुकानात 'कृत्रिम अश्रू' म्हणून मिळणारे थेंब उपयोगी पडतात, परंतु लाली घालवणारे थेंब रोज घालू नयेत: ते रक्तवाहिन्या तात्पुरत्या आखडतात आणि असर उतरला की डोळे पूर्वीपेक्षा अधिक तारवटू शकतात. गुलाबपाणी, मध किंवा घरी पाडलेले काजळ डोळ्यांत घालणे सरळ टाळावे.

थकव्याचे आणखी एक लक्षण म्हणजे डोळा लवणे. पुरुषाचा उजवा आणि बाईचा डावा लवला तर शुभ, असे सांगतात. पापणीतल्या स्नायूला मात्र ही वाटणी ठाऊक नसते, आणि तो अपुरी झोप, ताण व जास्त चहा-कॉफी यांमुळे फुरफुरतो. दुपारनंतरचा चहा सोडून काही दिवस नीट झोप घेतली की बहुधा तो थांबतो.

गाडी चालवत असाल, तर यातले काहीच आरशात तपासत बसू नये. पापण्या जड होणे, पाठोपाठ जांभया येणे आणि मागच्या दोन-तीन किलोमीटरमधले काही न आठवणे, ही पेंग आल्याची लक्षणे आहेत. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांच्या डुलकीत ८० मीटरहून अधिक अंतर कापते. काच उघडण्याने किंवा गाणी मोठ्याने लावण्याने ती डुलकी टळत नाही. सुरक्षित जागी गाडी थांबवून पंधरा-वीस मिनिटे झोपावे.

काही खुणा थकव्याच्या खात्यात मांडूच नयेत. चेहऱ्याची एक बाजू अचानक लोंबली किंवा बोलणे अडखळले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. डोळा लाल होऊन जोराने दुखत असेल, दिव्यांभोवती वलये दिसत असतील किंवा नजर कमी झाली असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. रोज सकाळी डोळ्यांभोवती सूज आणि लघवीला फेस असेल तर मूत्रपिंडाची, सुजट चेहऱ्याबरोबर वजन वाढत असेल आणि थंडी सोसत नसेल तर थायरॉइडची तपासणी करावी. संध्याकाळी पापणी खाली येते, एकाच्या दोन वस्तू दिसतात आणि विश्रांतीनंतर बरे वाटते, हा प्रकार स्नायूंच्या आजाराचाही असू शकतो. तो सकाळच्या तपासणीत दिसतोच असे नाही, म्हणून संध्याकाळी काढलेले फोटो आणि झोपेची टिपणे डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्यावीत.