आंदोलकाची अरेषीयता: कोपऱ्यातला घोळ असा सुटला

भुसावळच्या उन्हाळ्यात लाइट आहे तोवर काम उरकायचं, म्हणून पायथनमध्ये मॅट्रिक्स (आकड्यांचा चौकोनी तक्ता) लहानच ठेवली होती. क्वांटम आंदोलकाच्या (स्प्रिंगला बांधल्यासारखा मागेपुढे हलणारा सूक्ष्म कण) ऊर्जेत स्थानाच्या चौथ्या घाताचं पद (गुणांक ०.१, बाकी एककं १) मिळवलं, की ऊर्जापातळ्यांमधली अंतरं सारखी राहत नाहीत. पहिल्या दोन अंतरांतला फरक हीच अरेषीयता. पण मॅट्रिक्सचा आकार बदलला की माझं उत्तर हलायचं.

मेख शेवटच्या कोपऱ्यात होती. स्थानाची मॅट्रिक्स मुळात अनंत असते, ती कापावीच लागते; पण आधी कापून मग घात काढला, तर कडेच्या नोंदी चुकतात. म्हणून चार ओळी-रकाने जास्त घेऊन घात काढला, मग कापला, आणि आकडे स्थिरावेपर्यंत आकार वाढवला. अंतरं आली १.२१०४ आणि १.३६९१, फरक ०.१५९. प्रथम क्रमाचं पुस्तकी सूत्र (मिळवलेलं पद लहान मानून केलेला अंदाज) ०.३ सांगतं, जवळपास दुप्पट! इथे ते सूत्र मी तरी वापरणार नाही.