मुंबईच्या भिंतीवरचं पाणअस्वल कसं शोधावं

जुलैत चाळीच्या जिन्यात ज्यावरून पाय घसरतो, ते शेवाळ आपल्या कामाचं नाही. तो नुसता बुळबुळीत थर. आपल्याला हवं ते कंपाउंडच्या भिंतीवर उशीसारखं फुगलेलं, बोट फिरवलं की मखमलीसारखं लागणारं. डोळे बारीक करून पाहिलं तर त्याला पानं दिसतात. मराठीत दोन्हींना शेवाळच म्हणतात, आणि त्या एका शब्दापायी माझे पहिले दोन रविवार फुकट गेले.

त्या मखमलीत टार्डिग्रेड नावाचे सूक्ष्म प्राणी राहतात. आठ आखूड पाय, पायांना नख्या, लांबी बहुतेकांची अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी. गोएझे नावाच्या जर्मन पाद्र्याने १७७३ मध्ये त्यांना ‘पाण्यातलं छोटं अस्वल’ म्हटलं. तीन वर्षांनी इटलीच्या स्पालांझानीने ‘हळू चालणारा’ अशा अर्थाचं नाव दिलं, ते शास्त्रात टिकलं. पाणमांजर असतं तसं हे पाणअस्वल, असं मी घरी सांगतो. हिमालयापासून खोल समुद्राच्या तळापर्यंत त्यांच्या १३०० हून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत.

एक दिसलं की लोक फोटो काढून थांबतात. मला खरी गंमत वाटते ती एकाच सोसायटीत ते कुठल्या भिंतीवर आहे आणि कुठल्या भिंतीवर नाही, यात. म्हणून पुढची पद्धत तुलनेच्या हिशेबाने सांगतो.

गोळा करणं

भर पावसात जाऊ नका. डिसेंबर ते मार्च बरा. तेव्हा शेवाळ सुकून तपकिरी पडतं, मेल्यासारखं दिसतं, आणि नवखा माणूस नेमकं तेच सोडून देतो. पाणी आटलं की टार्डिग्रेड पाय आत ओढून पिंपासारखा आकसतो. अंगात जेमतेम दोन-तीन टक्के पाणी उरतं आणि तो तसाच थांबून राहतो. पाणी मिळालं की पुन्हा चालू. त्यामुळे गटाराकाठच्या कायम ओल्या शेवाळापेक्षा उन्हात सुकणाऱ्या, पावसात भिजणाऱ्या भिंतीवर मला ते नेहमी जास्त मिळाले.

किमान चार जागा निवडा: रस्त्याकडची भिंत, मागची सावलीतली भिंत, गच्चीचा कठडा, आणि झाडाचं खोड. खोडावर राखाडी-हिरवट पापुद्रे दिसतील, ते लायकेन. गोडा मसाल्यातलं दगडफूलही एक लायकेनच. (वाण्याकडचं न भाजलेलं दगडफूलही मी भिजवून पाहिलं. माइट्सची, म्हणजे कोळ्यांच्या नात्यातल्या बारीक जिवांची, टरफलं निघाली, बाकी काही नाही.) प्रत्येक जागेचे तीन तुकडे, पाच रुपयांच्या नाण्याएवढे, जुन्या सुरीने बुडातल्या मातीसकट उचला. कागदी पाकिटात भरा, प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते. पाकिटावर तिथेच लिहा: तारीख, जागा, जमिनीपासून उंची, ऊन की सावली. घरी जाऊन लिहू म्हणाल तर चारही पाकिटं सारखीच दिसतात. राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय काही उचलायचं नाही. वॉचमनकाकांना मात्र आधीच सांगून ठेवा, म्हणजे भिंत खरवडताना चौकशी होत नाही.

भिजवणं आणि पाहणं

तुकडा वाटीत उलटा ठेवा, बुडेल इतकं पाणी घाला. पाणी उकळून गार केलेलं. क्लोरीन जातं आणि पाण्यातलेच जीव मोजणीत घुसत नाहीत. रात्रभर राहू द्या. आईने सकाळी विचारलं होतं, “वाटीत माती कशाला भिजत घातलीस रे?” तेव्हापासून वाट्या वेगळ्या ठेवतो.

सकाळी तुकडा त्याच पाण्यात चांगला पिळून बाजूला काढा. दहा-पंधरा मिनिटं गाळ बसू द्या, मग ड्रॉपरने वरचं नव्हे, तळाचं पाणी उचला. शाळेतला मायक्रोस्कोप पुरतो, चाळीस पटीपासून सुरुवात करा. खालच्या प्रकाशाचं भोक अर्धवट बंद करायला विसरू नका. हा प्राणी बहुधा काचेसारखा पारदर्शक, भरपूर उजेडात समोर असून दिसत नाही.

आधी दुसरेच भेटतील. चाबकासारखे वळवळणारे सूत्रकृमी. तोंडाशी चक्र फिरतंय असं वाटणारे रोटिफर. आठ पायांचे माइट्स, पण त्यांच्या पायांना सांधे असतात आणि ते पळतात. आपला प्राणी पळत नाही. गुबगुबीत अंग, पुढे तीन जोड्या पाय हवेत वल्ही मारल्यासारखे, चौथी जोडी मागे वळलेली, तिने मातीचा कण धरून ठेवलेला. माझा पहिला असाच एका कणाला लटकून होता, पाच मिनिटं झाली तरी सुटेना.

जातीचं नाव लावायच्या फंदात पडू नका. त्यासाठी हजार पट मोठ्या करून नख्या, घशाची नळी आणि अंडी तपासावी लागतात. गट ओळखा. पाठीवर चिलखताच्या पट्ट्या, बहुधा केशरी-लालसर रंग आणि केसासारखे काटे असतील तर एकिनिस्कस किंवा त्याचे भाऊबंद. मोठं तोंड, भोवती बारीक उंचवटे, पोटात रोटिफरचे अवशेष असतील तर मिल्नेशियम; हा शिकारी. पाठ गुळगुळीत आणि अंडी टाकलेल्या कातीत असतील तर तेही वहीत लिहा. काहींची अंडी बाहेर सुटी पडतात आणि त्यांवर नक्षी असते.

समुद्राची वाळू

इथे सगळं उलटं. वाळूतले बहुतेक सागरी टार्डिग्रेड सुकणं सोसत नाहीत, म्हणून वाळू ओलीच आणायची आणि त्याच दिवशी पाहायची. भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात वीतभर खणून मूठभर घ्या. गोडं पाणी ओतून मिनिटभर ढवळा, त्या धक्क्याने प्राण्यांची पकड सुटते. वरचं पाणी लगेच ५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासच्या भोकांच्या जाळीतून गाळा आणि जाळीवर उरलेलं समुद्राच्या पाण्यात झटका. मलमल चालत नाही. स्क्रीन प्रिंटिंगची बारीक जाळी चालते. केरळात वडकऱ्याच्या किनाऱ्यावर सापडलेला टार्डिग्रेड स्टायगार्क्टस केरळेन्सिस २०२१ मध्ये नोंदला गेला, तमिळनाडूतल्या मंडपमचा बॅटिलिपस कलामी २०२३ मध्ये. जुहूला मला तीनदा शून्य. कणांमधल्या फटी गाळाने बुजल्या की या मंडळींना राहायला जागाच उरत नाही.

हे शून्यही वहीत चढवायचं. आमच्या रस्त्याकडच्या भिंतीवर एका तुकड्यात अकरा होते. मग एका मे महिन्यात सोसायटीने ती भिंत तारेच्या ब्रशने घासून रंगवली. तेव्हापासून त्या रकान्यात दर डिसेंबरला शून्य लिहितोय; गेल्या वर्षी मात्र पाइपाच्या मागे हिरवं काहीतरी धरलेलं दिसलं.