वाट्या घेण्याआधी कान तयार करा

"नादोपचार शिकायचाय, किती वाट्यांचा संच घेऊ?" महिन्याला दोन-तीन जण तरी हे विचारत येतात. नादोपचार म्हणजे काशाच्या वाट्या वाजवून त्यांच्या नादाने माणसाला विश्रांती देणं. माझं उत्तर ठरलेलं आहे. सहा महिने एकही वाटी घेऊ नका. मी नेमकं उलटं केलं होतं, आणि त्याची किंमत पैशात कमी, वेळात जास्त मोजली.

तेव्हा मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत योगाचे सकाळचे दोन वर्ग घेत होते. दोन दिवसांचं एक शिबिर केलं, सात वाट्या घेतल्या, प्रमाणपत्र भिंतीवर लावलं. प्रत्येक वाटी एकेका चक्राची आणि ४३२ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४३२ आंदोलनांचा, स्वर सगळ्या शरीराला बरा करतो, असं तिथे शिकवलं होतं. लहानपणी पाच वर्षं गाणं शिकलेली असल्यामुळे घरी आल्यावर तानपुरा काढला आणि वाट्या त्याच्याशी लावून बघितल्या. हृदयाची म्हणून दिलेली वाटी ग आणि म यांच्या मधेच कुठेतरी बोलत होती. मग दुसराच विचार मनात आला. आपल्याकडे सा प्रत्येकाच्या गळ्याप्रमाणे ठरतो. कुणी पेटीच्या काळी एकमध्ये गातं, कुणी पांढरी पाचमध्ये. एकच आकडा सगळ्यांना सारखा लागू पडेल, हे मला आमच्या गुरुजींनी कधीच पटवून घेऊ दिलं नसतं.

त्यानंतर मी मिरजेला जायला लागले. कोल्हापूरहून रेल्वेने सकाळी निघालं की संध्याकाळी परत येता येतं. तिथल्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ही वाद्यं करणारी घराणी मूळची शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारी. एका कारागिरांनी मला तासन्‌तास शेजारी बसू दिलं. जवारी काढताना, म्हणजे तारेचा नाद खुलवताना, ते घोडीवर, तार टेकते त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचे. तार छेडायची, दोरा तांदळाच्या दाण्याएवढा पुढे, परत छेडायची. वीस-पंचवीस वेळा काहीच होत नाही. आवाज बोथट, लाकडावर टिचकी मारल्यासारखा. आणि मग एका जागी तीच तार एकदम उघडते, स्वरावर स्वर चढत जातात, आस, म्हणजे मागे उरणारा नाद, लांबते. दोरा केसभर पुढे गेला की पुन्हा बंद. "ऐकू आलं?" ते विचारायचे. पहिल्या चार खेपांना मला ऐकू आलं नव्हतं, आणि मी हो म्हटलं होतं. पाचव्या खेपेला मी नाही म्हणाले, तेव्हा त्यांनी खरं शिकवायला सुरुवात केली.

तिथेच जोडीच्या तारा लावायला शिकले. दोन्ही सा. एक सेकंदाला २५६ आंदोलनांवर आणि दुसरी २५८ वर असेल, तर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. तार जुळत आली की हेलकावे मंद होत जातात आणि जुळली की थांबतात. वाटीतून जी ‘वाँव-वाँव’ लहर येते, ती हीच. हाताने ठोकलेल्या वाटीचा घेर सगळीकडे अगदी सारखा नसतो, म्हणून तिच्यात दोन अगदी जवळचे स्वर एकदम वाजतात. हे कळल्यावर मला वाटी निवडता यायला लागली. वाटी सपाट तळहातावर ठेवा, बोटं वर वळवू नका, मऊ गुंडाळीच्या काठीने कडेला हलकेच मारा आणि थांबा. नाद सरळ उतरत गेला पाहिजे. मधेच खरखर आली तर बारीक तडा आहे, दुकानदार काहीही म्हणो. धातू कासं असावं, म्हणजे साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. या वाट्यांना तिबेटी म्हणायची पद्धत पडली आहे, पण बहुतेक नेपाळात आणि आपल्याच देशात घडतात.

वाटी शरीरावर ठेवायची की लांबून वाजवायची, यात मोठा फरक आहे. हवेतून आलेला आवाज अंगावर आदळला की जवळजवळ सगळा परत फिरतो, शंभरातला एक भागही आत शिरत नाही. लांबून वाजवलं की काम कानातून होतं. पाठीवर, पोटावर ठेवून वाजवली की कंपन थेट अंगात उतरतं. म्हणून अंगावर ठेवण्याआधी विचारायचंच: पेसमेकर आहे का, फिट येते का, गरोदरपण आहे का, नुकतं ऑपरेशन झालंय का, हाडात सळई आहे का. यातलं काहीही असेल तर मी वाटी अंगावर ठेवत नाही.

पहिल्या वर्षी माझ्या हातून चूक झाली. अर्धशिशीचा त्रास असलेल्या एका बाईंच्या डोक्याजवळ मी मोठी वाटी जोरात वाजवली. त्या कान धरून उठल्या, दिवसभर डोकं ठणकत राहिलं. त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून पहिला ठोका नेहमी पायाकडून देते, आणि कानापासून हातभर अंतर ठेवते.

आता पुराव्याचं बोलते, कारण नव्या माणसाला पहिल्याच महिन्यात हे विचारलं जातं. २००२ साली स्वीडनच्या संशोधकांना दिसलं की गुणगुणताना नाकातून बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साइड वायू शांत उच्छ्वासापेक्षा पंधरा पट वाढतो. भ्रामरी, म्हणजे गुणगुणत श्वास सोडायचा प्राणायाम, करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. २००१ साली २३ निरोगी माणसांवर केलेल्या एका अभ्यासात ख्रिस्ती जपमाळ आणि मंत्रजप, दोन्हींनी श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. वाट्यांवरचा एक अभ्यास ६२ जणांचा आहे. त्यात ताण आणि थकवा कमी झालेला दिसला, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे नुसतं पडून राहिल्यानेही तेवढंच झालं असतं का, हे त्यावरून ठरवता येत नाही. एवढ्यावर मी लोकांना विश्रांती मिळेल असं सांगते, आणि ती खरोखर मिळते. मधुमेह, कर्करोग बरा करतो असं फलकावर लिहिणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तो कायदा नसता तरी मी तसं लिहिलं नसतं. "साखरेची गोळी बंद करू का?" असं एकांनी विचारलं, तेव्हा मी वाट्या बाजूला ठेवल्या आणि त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. कुणी म्हणतं, आवाजाने मुतखडा फुटतो की! फुटतो, पण दवाखान्यात, यंत्राने एका बिंदूवर रोखलेल्या लाटांनी.

विसर्जनानंतरच्या आठवड्यात कानात शिट्टी वाजते म्हणून पोरं येतात. डॉल्बीपुढे चार-चार तास नाचलेली. शंभर डेसिबलला पंधरा मिनिटं ही कानाची मर्यादा धरली जाते. त्यांच्यासाठी मी काहीही वाजवत नाही, त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायला लावते. ऐकू यायचं अचानक कमी झालं असेल, तर उशीर केलेला चालत नाही.

शिकायचं कुठे? तानपुरा लावायला एखाद्या गाण्याच्या बाईंकडे. ऐकायला कोल्हापूरच्या देवल क्लबच्या मैफलींना. १८८३ पासून चालत आलेली ती संस्था आहे, आणि तिथल्या म्हाताऱ्या श्रोत्यांजवळ बसलात की कुठे दाद द्यायची आणि कुठे गप्प राहायचं ते आपोआप कळतं. गप्प राहणं सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या पाऊण तासातली पंधरा मिनिटं मी काहीच वाजवत नाही. रोज पहाटे रंकाळा तलावावर बसून दहा मिनिटं कानावर पडलेले आवाज वहीत लिहा. पहिल्या दिवशी पाच-सहा होतील, महिन्याने पान पुरणार नाही. पैशाचं म्हणाल तर पहिली दोन वर्षं योगाचे वर्ग सोडू नका.

माझ्याकडे दर गुरुवारी एक आबा येतात, सत्तरी ओलांडलेले, जुने तालमीतले. झोप लागत नाही म्हणून आले होते. पहिल्यांदा पोटावर वाटी ठेवली तेव्हा डोळे मिटूनच म्हणाले, "ताई, पोटात भुंगा फिरल्यागत वाटतंय बघा." मग दहा मिनिटांत घोरायला लागले. गेल्या महिन्यात त्यांनी पंच्यात गुंडाळून घरातली काशाची वाटी आणली. लहानपणी तालमीतून आल्यावर आई तळपायाला तूप लावून हीच वाटी घासायची, म्हणाले. बूड घासून पातळ झालेलं होतं. तळहातावर ठेवून मी हलकेच ठोका दिला आणि दोघंही गप्प बसून राहिलो. खरखर नव्हती. अकरा सेकंदांनी नाद विरला. "अजून एकदा," आबा म्हणाले.