तिखट-हळद ऑनलाइन विकताय? या चुका टाळा

नेटवरून उचललेला लालभडक तिखटाचा फोटो टाकायचा आणि पार्सलमधून जरा फिकट तिखट निघायचं. माल अस्सल असला तरी गिऱ्हाईक भेसळच समजतं. फोटो आपल्याच मालाचा, सकाळी सावलीत, पांढऱ्या कागदावर, फिल्टर न लावता काढा. बल्बखाली हळद नारिंगी दिसते. सोबत देठ खुडण्यापासून कांडपापर्यंतचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ असू द्या. शेवटी रिकामी पिशवी ठेवून काटा शून्यावर आणा, मग भरून ५०० ग्रॅम दाखवा.

भिवापूरची मिरची आणि वायगावची हळद, दोन्हींना भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे ते नाव त्याच भागातल्या मालाचं असल्याची सरकारी नोंद, आहे. त्या मानांकनाचे अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी नसताना ती नावं पाकिटावर छापू नका. मिरची तेलंगणातून आणली असेल तर तसं लिहा; लपवलेलं उघडं पडलं की पुढचं खरंही कोणी मानत नाही.

'भावासाठी मेसेज करा' हे तर बंदच करा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये २५० आणि ५०० ग्रॅमचा भाव टाका, टपालखर्च वेगळा दाखवा. न विचारता लोकांना ग्रुपमध्ये कोंबू नका, सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. ब्रॉडकास्ट लिस्ट करा, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो. मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो.

सगळ्यात महागात पडते ती तक्रारीची कमेंट पुसणे. 'पिशवी फुटून आली' असं कोणी फेसबुकवर लिहिलं की तिथेच उत्तर द्या: 'ताई, सील सुटलं, चूक आमची. दुसरं पाकीट आजच टाकतो, पावती इनबॉक्समध्ये पाठवतो.' मग कारण शोधा. बहुतेक वेळा सीलच्या पट्टीवर तिखटाची पूड बसलेली असते, म्हणून प्लास्टिक नीट चिकटत नाही. वर इंचभर जागा मोकळी सोडा, कोरड्या फडक्याने पुसा, मगच मशीन दाबा आणि बाहेरून दुसरी पिशवी घाला.

'आमच्या हळदीने शुगर जाते' असली पोस्ट नकोच. अन्नसुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. त्यापेक्षा एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना किंवा नोंदणी नंबर फोटोत वाचता येईल असा ठेवा.

पेरणीच्या दिवसांत उत्तरं रखडतात. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये अवे मेसेज, म्हणजे आपोआप जाणारं उत्तर, लावा: 'शेतात आहोत, रात्री आठनंतर बोलू.' फक्त फोनला नेट सुरू असलं तरच तो जातो, म्हणून बांधावर रेंज नसेल तर फोन घरीच चालू ठेवून जा.